कथा अडते तेव्हा ती नेमकी कुठे अडली ते शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तीन-चार वर्षं तुम्ही नेमाने कथा लिहीत होतात, त्यातल्या काही छापूनही आल्या, पण गेले आठ महिने एकही पूर्ण झालेली नाही. रोज रात्री फाईल उघडता, दोन परिच्छेद लिहिता, वाचता आणि डिलीट करून टाकता. एक कथा चार पानांवर अडकून पडलीये, वडील गेल्यावर दोन भाऊ त्यांचं घर रिकामं करायला येतात ती, आणि ती चार पानं तुम्ही प्रश्नासोबत दिलीत हे फार बरं केलंत. शिवाय नवीन काही डोक्यात आलं तरी लगेच वाटतं की हे कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. आणि शेवटी विचारलंय, प्रेरणा परत कशी आणू.

मी स्वतः कथा लिहिते आणि बरीच वर्षं नव्याने लिहिणाऱ्यांच्या खर्ड्यांवर त्यांच्या शेजारी बसून काम करते. त्यावरून मला वाटतं की प्रेरणेचा मुद्दा तूर्त बाजूला ठेवलेला बरा. तुमच्या सांगण्यात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि 'सुचत नाही' या एकाच नावाखाली त्या गोळा झाल्यात. लिहिलेलं लगेच पुसणं ही एक, अर्ध्यात थांबलेली कथा ही दुसरी, नवीन कथाबीज न सापडणं ही तिसरी. प्रत्येकीचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. लिहिलेलं पुसत बसणाऱ्याला कुणी सांगितलं की चार दिवस कुठेतरी फिरून या, तर तो ताजातवाना होऊन येईल आणि पुन्हा पुसत बसेल.

त्याआधी एक गोष्ट विचारते, कारण बरंचसं त्यावर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. आठ महिन्यांपूर्वी तुमच्या आयुष्यात काही बदललं का? नवीन नोकरी, लहान मूल, घरातलं आजारपण, कुणाचं जाणं? तसं असेल तर लेखन मागे पडणं साहजिक आहे, तेव्हा स्वतःला जबरदस्तीने टेबलाशी बसवण्यापेक्षा काही महिने फक्त नोंदी करा, कथा नको. आणि वाचन, गप्पा, झोप, जेवण या सगळ्यातलाच रस गेला असेल तर मग तो लेखनाचा प्रश्न राहत नाही, सरळ डॉक्टरांशी बोला. येल विद्यापीठातल्या जेरोम सिंगर आणि मायकेल बॅरिओस या मानसशास्त्रज्ञांनी अडकलेल्या लेखकांचा अभ्यास केला होता, त्यांना दिसलं की हे लोक खरोखर दुःखी असतात, पण सगळे एकाच तऱ्हेने नाही. कुणी स्वतःवर इतकी टीका करतो की लिहिण्यातला आनंदच संपतो, कुणाला आपलं लेखन दुसऱ्यांच्या शेजारी ठेवलं जायला नको असतं, कुणी नियमांनी जखडून निरुत्साही झालेला असतो, आणि कुणी रागावलेला, हवी तशी दखल घेतली जात नाही म्हणून. तुमचं वर्णन वाचून मला पहिला प्रकार जास्त वाटतो. पण हे तुम्हीच तपासलेलं बरं.

आता पुसण्याबद्दल. १९८० साली माइक रोझ या अमेरिकन अभ्यासकाचा एक लेख आला होता, त्यांनी १० विद्यार्थ्यांशी बोलून पाहिलं, ५ लिहिताना अडकणारे आणि ५ न अडकणारे. अडकणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही, त्यांनी काही नियम फार कडक धरले होते. एकीच्या मनात होतं की पहिला परिच्छेद वाचकाला खेचून घेणाराच हवा, म्हणून ती तासन्‌तास पहिल्याच परिच्छेदावर. न अडकणाऱ्यांकडेही नियम होतेच, फक्त ते सैल होते, जमलं तर जमलं, नाहीतर पुढे चला. मला हे माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांत सतत दिसतं. कथा छापून आली की बरेचदा अडचण सुरू होते, कारण मग आपण आपल्याच चांगल्या छापील कथेशी आजच्या कच्च्या खर्ड्याची तुलना करतो आणि विसरतो की त्या कथेचाही पहिला खर्डा असाच होता.

तर एक करा. कागद घ्या आणि 'चांगल्या कथेत हे असलंच पाहिजे' असं तुम्हाला वाटणारं सगळं लिहून काढा, पहिलं वाक्य जबरदस्त हवं, शेवट धक्का देणारा हवा, भाषा कुठे सपाट नको, जे असेल ते. मग प्रत्येकापुढे लिहा की हे पहिल्या खर्ड्यात लागतं की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लिहिताना. जवळजवळ सगळं नंतरच्या खात्यात जाईल. यादी डोळ्यांसमोर आली की रोज रात्री आपल्याला कोण अडवतंय ते स्पष्ट दिसतं.

आणि लिहिण्याची वेळ आणि वाचून बघण्याची वेळ वेगळी ठेवा. रात्री लिहिलंत तर ते रात्री वाचायचं नाही, दुसऱ्या दिवशी उजेडात वाचा. डिलीट पूर्ण बंद, नको असलेला परिच्छेद उचलून दुसऱ्या फाईलमध्ये टाका, ती फाईल पुढे फार उपयोगी पडते. शक्य असेल तर पहिला खर्डा हाताने, पेनने लिहा, कारण कागदावर खोडलेलं निदान दिसत राहतं. रोज अमुक शब्द झालेच पाहिजेत हा हिशेब मला कथेसाठी पटत नाही, कादंबरीसाठी ठीक आहे. कथेत कधी एका बैठकीत एकच संवाद सापडतो आणि तोच सगळी कथा उलगडतो, तो दिवस शब्दांच्या हिशेबात वाया गेलेला दिसेल. त्यापेक्षा वेळ ठरवा. २५ मिनिटांचा टायमर लावा, फोन दुसऱ्या खोलीत, टायमर वाजला की उठा, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

आता भावांची कथा, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मला तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो आणि ती चार पानं मी दोनदा वाचलीत. पहिलं पान उत्तम आहे. धाकट्याला कुलपाची किल्ली लागत नाही, थोरला काही न बोलता त्याच्या हातातून ती घेतो आणि एका झटक्यात दार उघडतो, एवढ्यात दोघांचं नातं कळलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर थोरला म्हणतो, "तुला हवं ते घे, मला काही नको," आणि धाकटा म्हणतो, "मला तरी काय करायचंय." माझ्या मते कथा इथेच थांबली. त्यानंतर तुम्ही अडीच पानं लिहिलीत, वडिलांचा चष्मा, बंद पडलेला रेडिओ, कपाटातले शर्ट, भाषा सुंदर आहे, पण दोघांपैकी कुणालाच काही नको असेल तर पुढे घडणार काय? चौथ्या पानावर तुम्हाला सुचेना कारण कथेत सुचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुमच्यातलं काही आटलेलं नाही.

कथा जिथे थांबते तिथे सहसा काही बिघडलेलं नसतं, बिघाड मागे असतो, एखाद-दोन पानं आधी. आणि आपण शेवटच्या ओळीकडे बघत बसतो, तिलाच घासत राहतो. मी काय करते ते सांगते. आहे तेवढी कथा प्रिंट करून घेते आणि शेवटाकडून मागे येत प्रत्येक प्रसंगाच्या कडेला दोनच गोष्टी लिहिते, इथे कुणाला काय हवंय आणि ते मिळण्याच्या आड काय येतंय. 'त्याला शांती हवी आहे', 'तिला समजून घेणारं कुणी हवंय' असलं चालत नाही, हाताने उचलता येईल किंवा तोंडाने मागता येईल असं काहीतरी हवं. जिथे कडेची जागा कोरी राहते तिथे काम करायचं.

तुमच्या कथेत हे कसं होऊ शकतं ते दाखवते, घ्यायलाच हवं असं नाही. "मला काही नको" हे वाक्य तसंच ठेवा, फक्त ते खोटं करा. वडिलांची एक हिशेबाची वही आहे असं धरा. कुणाला उसने पैसे दिले की नाव, तारीख, रक्कम, आणि परत आले की त्या नावावर पट्टीने सरळ रेघ. धाकट्याला ती वही खणात सापडते. पानं उलटताना थोरल्याचं नाव दिसतं, मोठी रक्कम, आणि त्यावर रेघ नाही. चार पानं पुढे धाकट्याचं स्वतःचं नाव, आणि त्यावर मात्र रेघ आहे. पण त्याने तर ते पैसे कधीच परत दिले नव्हते. म्हणजे वडिलांनी एकाला माफ केलं आणि दुसऱ्याला नाही, आणि हे आता फक्त धाकट्याला माहीत आहे. आता आतल्या खोलीतून थोरला विचारतो, "खणात काही कागद सापडले का रे?" आणि तुम्हाला कळतं की 'मला काही नको' म्हणणारा हा माणूस याच वहीसाठी आलाय.

बघा, आता धाकटा काय उत्तर देईल? हो म्हणेल, नाही म्हणेल, वही शर्टाखाली लपवेल, की आपल्या नावावर आहे तशीच रेघ पेन घेऊन भावाच्या नावावर मारेल? यातलं कुठलंही निवडा, पुढचं पान मिळतं. तो चष्मा आणि रेडिओही वाया जात नाहीत, कारण धाकटा वही लपवायला वेळ काढत असेल तेव्हा तो रेडिओबद्दल बोलेल, आणि तेच आठवणींचे संवाद एकदम ताणलेले वाटायला लागतील. त्यात अजून एक प्रश्न जोडा, आजच का? घराच्या किल्ल्या संध्याकाळपर्यंत नव्या मालकाला द्यायच्या असतील तर दोघांना 'नंतर बोलू' म्हणायची सोय राहत नाही.

कधीकधी हवं-नको सगळं जागेवर असतं आणि तरी कथा हलत नाही, तेव्हा निवेदक तपासा, म्हणजे कथा कोण सांगतंय ते. अडलेलं पान दुसऱ्याच्या तोंडून लिहून बघा, 'तो म्हणाला' अशी तृतीयपुरुषी असेल तर थोरल्याच्या 'मी'मधून. ते पान ठेवायचं नसतं, पण त्यातून अशी एखादी गोष्ट बाहेर पडते जी तुम्हाला माहीत नव्हती. किंवा सरळ उडी मारा आणि जो प्रसंग डोळ्यांसमोर दिसतोय तो आधी लिहा, क्रमाने लिहिलंच पाहिजे हाही एक कडक नियमच आहे.

फिरायला जाण्याबद्दल मी वर जरा कडक बोलले, पण त्याचा उपयोग खरा आहे, फक्त त्याची वेळ असते. ग्रॅहम वॉलस या ब्रिटिश अभ्यासकाने १९२६ साली नवनिर्मितीचे चार टप्पे मांडले होते, तयारी, मग विषय मनात मुरू देणं, मग अचानक सुचणं, आणि शेवटी ते तपासून घेणं. लोक दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात, म्हणजे मुरवायला आत काही घातलेलंच नसतं आणि वाट बघत बसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचे चालण्यावरचे प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या, ट्रेडमिलवर भिंतीकडे बघत चालतानाही फायदा दिसला. पण जिथे एकच नेमकं उत्तर शोधायचं होतं तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही. माझ्या कामातही तसंच दिसतं, शक्यता हव्या असतील तर चाला, त्यातली एक निवडायची असेल तर टेबलाशी बसा. आणि उठण्याआधी अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहून ठेवा. 'कथेचं काय करू' हा प्रश्न मनात मुरत नाही, 'धाकटा वही कुठे लपवेल' हा मुरतो. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांचा सल्ला होता की पुढे काय घडणार हे माहीत असतानाच दिवसाचं लेखन थांबवावं, तो मी पाळते आणि समोर बसणाऱ्या प्रत्येकाला पाळायला लावते, कारण दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी सुरुवात करावी लागत नाही.

इथपर्यंत दोन अडचणी झाल्या, पुसण्यासाठी वेळा वेगळ्या करायच्या आणि अडलेल्या कथेसाठी मागे जाऊन हवं-नको शोधायचं. राहिलं नवीन बीज.

बीज शोधताना बहुतेक जण विषय शोधतात, एकटेपणा, वार्धक्य, स्थलांतर, आणि मग विषय एवढा मोठा असतो की हे सगळं लिहून झालंय असं वाटणारच. मला विषय शोधून कधी कथा मिळाली नाही. मिळते ती न जुळणाऱ्या तपशिलातून, म्हणजे असं काहीतरी जे पाहिल्यावर मनात 'असं का?' येतं. एकदा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस फोनवर अगदी शांतपणे म्हणाला, "नाही नाही, मी घरीच आहे, टीव्ही बघतोय." एवढंच. मी वहीत तेवढं एकच वाक्य, जागा आणि त्याच्या मांडीवरची फाईल लिहून ठेवली, स्वतःचं मत काही लिहिलं नाही. नोंदीत मत लिहिलं की ती नोंद तिथेच संपते.

मग त्या नोंदीशी बसायचं. तो खोटं का बोलला? पहिलं उत्तर येतं की आईला काळजी नको म्हणून. हे सगळ्यांनाच सुचेल, म्हणून ते लिहून बाजूला. दुसरं, बायकोपासून आजार लपवतोय. हेही ओळखीचं. तिसरं-चौथं येईपर्यंत थांबायचं, आणि ते येताना जरा त्रास होतो. माझं पुढचं उत्तर असं आलं की आत दाखल असलेल्या माणसाला भेटायला याला मनाई केली गेलीये, आणि फोनवर तीच मनाई करणारी व्यक्ती आहे. आता कोण आत आहे, मनाई का, आणि ती व्यक्ती आत्ता जिना चढून वर आली तर? तुम्हाला 'आधीच लिहिलेलं' वाटतं ते बहुतेक वेळा तुमचं पहिलं उत्तर असतं. पहिलं उत्तर आपण वाचलेल्या कथांमधून येतं, आपल्या स्वतःच्या पाहण्यातून आलेलं त्याच्या खाली असतं आणि तिथपर्यंत जायला वेळ द्यावा लागतो. दोन भावांची घर रिकामं करण्याची गोष्टही अनेकांनी लिहिली असेल, पण त्या वहीवरच्या रेघा प्रत्येकाच्या कथेत नसतील.

नोंद किती लहान असावी याबद्दल कादंबरीकार हेन्री जेम्स यांचं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. १८९३ च्या नाताळच्या सुमारास एका संध्याकाळी जेवताना शेजारच्या बाईंनी त्यांना एका आईची आणि मुलाची हकिगत सांगायला घेतली, वडील वारल्यावर घरातल्या सुंदर सामानावरून दोघांचं भांडण जुंपलं होतं. पहिल्या काही शब्दांतच जेम्स यांना त्यांचं बीज मिळालं आणि पुढची खरी हकिगत त्यांना नकोशीच वाटायला लागली. त्या बीजावर त्यांनी कादंबरी लिहिली. म्हणून कुणी एखादी घटना सांगत असेल तर सगळी गोळा करत बसू नका, जिथे कान टवकारले तेवढाच तुकडा उतरवा आणि बाकीचं स्वतः रचा. यात दुसरा एक फायदाही आहे, खऱ्या माणसांची खाजगी गोष्ट जशीच्या तशी कथेत जात नाही.

बीजं कमी पडत असतील तर कथा वाचणं थोडं कमी करा असंही मी सुचवेन, निदान काही आठवडे. त्याऐवजी लोकांना त्यांच्या कामाबद्दल विचारा, आणि भावना विचारू नका, पद्धत विचारा. सकाळी पहिल्यांदा काय करता, कशाची भीती असते, चूक झाली तर सगळ्यात आधी कुणाला कळते. हस्ताक्षर तपासणारा, लिफ्ट दुरुस्त करणारी, रात्रपाळीची नर्स, कुणीही. माणूस कामाबद्दल बोलताना जे शब्द वापरतो त्यात पात्र तयार मिळतं, आणि चूक कुणाला कळते या प्रश्नाच्या उत्तरात बरेचदा अख्खी कथा असते.

आता सुरुवात कुठून करायची, तर माझं मत, नवीन बीजाच्या मागे आत्ता लागू नका. आधी भावांची कथा पूर्ण करा, मग ती मनासारखी नसली तरी चालेल. आठ महिने काहीच पूर्ण झालेलं नाही हे ओझं नव्या कल्पनेने हलकं होत नाही, नवी कल्पनाही दोन परिच्छेदांवर येऊन थांबेल. दुसऱ्या पानाच्या मध्यापासून पुढचं सगळं त्या दुसऱ्या फाईलमध्ये हलवा, 'मला काही नको'च्या खाली दोघांना खरंच काय हवंय ते ठरवा, आणि तिथून परत लिहा. शेवट सुचत नसेल तर एका ओळीत साधा, सरळ शेवट लिहून खर्डा बंद करा, तो नंतर बदलता येतो.

खर्डा झाला की लगेच कुणाला दाखवू नका, एखादा आठवडा जाऊ दे. मग एकाच माणसाला द्या, आणि तो लिहिणारा असण्यापेक्षा वाचणारा असलेला बरा. 'आवडली का' हे विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात आणि त्यातून हाती काही लागत नाही. वाचताना कुठे थांबावंसं वाटलं, कुठे पान मागे उलटून बघावं लागलं आणि शेवटी दोघा भावांपैकी कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, एवढं विचारा. जिथे तो थांबला त्याच्या एक पान आधीपासून पुन्हा वाचायला घ्या.